डाव्या हातातली किल्ली

ताटात चमचा टण्‌कन पडला आणि जेवणाच्या टेबलावर केव्हाची साचून राहिलेली शांतता फुटली. चमचा रेवाचा होता. वरणभाताची दोन शितं शेजारी पडलेल्या सरकारी नोटिशीच्या कोपऱ्यावर सांडली. रेवा मान खाली घालून बसली, आता कुणीतरी रागावणार अशी. सहा वर्षांची पोर. सांडायचं वय तिनं कधीच मागं टाकलं होतं.

"उचल की. सांडलं तर सांडलं," आक्का म्हणाल्या. "जमंल हळूहळू."

रेवानं चमचा उचलला. उजव्या हातानं.

मी नोटीस विसरले. "बाळा, डाव्या हातात घे ना. तुझा तो हात आहे ना?"

"आज्जी नको म्हणते."

"डाव्या हातानं घास घेत्यात व्हय कुठं?" आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. जयसिंगपूरहून दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे आल्या होत्या, आता आमच्याबरोबरच परतणार होत्या. "महिना झाला शिकवतीया मी. तू दिवसभर त्या लॅबमधी, हा कारखान्यात. अक्षरं पण उजव्यानं काढाय लागलीया आता. उद्या गावाकडं पंगतीत बसली आन डावा हात पुढं केला, तर लोक पोरीला न्हाई हसणार. तुला हसतील."

माझ्या नवऱ्याचा, सुदर्शनचा घास हातातच राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेवाच्या डाव्या हातात काय आहे हे आक्कांना ठाऊक नव्हतं. रेवालाही नव्हतं. ते फक्त त्या हाताला ठाऊक होतं.

झुवेरा नावाच्या या देशात आम्हाला नऊ वर्षं झाली. सुदर्शन इथल्या साखर कारखान्यात पॅनवर असतो, म्हणजे उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरायचं काम. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासते. देश हिरवागार आहे, माणसं हसरी आहेत, पण इथलं चलन हातात येईपर्यंत विरघळतं. शानी नावाच्या त्या नोटा देशाबाहेर नेता येत नाहीत आणि कुणी बदलूनही देत नाही. कायमचं निघताना सरकार फक्त दोन महिन्यांचा पगार बदलून देतं, बाकीचा इथंच सोडायचा. असं झाल्यावर लोक काय करतात? बाजारात रताळी विकणाऱ्या बाईपासून आमच्या डॉक्टरपर्यंत सगळे क्रिप्टोकडे वळले. इथं त्याला 'वारा' म्हणतात. वाऱ्याला नोट लागत नाही, सीमा अडवत नाही. लागते फक्त किल्ली, एक लांबलचक आकडा. ज्याच्याकडे किल्ली, त्याचा वारा.

मग सरकार किल्ल्यांच्या मागं लागलं. फोनमधल्या सापडल्या, परकराच्या नाडीत शिवलेल्या सापडल्या. पाठ करून ठेवलेल्याही सापडल्या, कारण दोन दिवस झोपू दिलं नाही की माणूस पाठ केलेलं सगळं बोलून टाकतो. तेव्हा कुणीतरी हातातली किल्ली शोधून काढली.

ती काय असते हे मला सुदर्शनच्या कामावरून समजलं. तो पाकाचा थेंब काचेवर घेतो, बोटानं ओढतो आणि म्हणतो, "आता." कसं कळलं म्हणून साहेबानं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. बोटांना माहीत असतं, त्याला नसतं. आपला मेंदू सायकल चालवणं, पोहणं, चकलीचा सोऱ्या फिरवणं हे सगळं खोल एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो, आणि बोलणाऱ्या मेंदूला तो कप्पा उघडता येत नाही. तिथं आकड्याऐवजी तीस हालचालींचा एक क्रम ठेवायचा. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. मधेमधे भलत्या हालचाली पेरलेल्या असतात, त्यामुळं शिकणाऱ्याला क्रम असल्याचंही कळत नाही. पुढं कधीतरी कुलपासमोर बसायचं. कुलूप म्हणजे चार चौकोनांची काच. जो चौकोन उजळेल तो दाबायचा. खऱ्या क्रमाच्या जागी हात किंचित लवकर पोचतो, एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातल्या पाच-सहा भागांनी. कुलूप तेवढ्यावरून आपला माणूस ओळखतं. जे माहीतच नाही ते कबूल कसं करणार?

मोठ्यांची हातपरीक्षा विमानतळावर सुरू झाली होती. दहा वर्षांखालच्या मुलांची होत नव्हती. म्हणून आम्ही किल्ली रेवाच्या हातात ठेवली.

चार सुरांत डराव करणारा एक प्लॅस्टिकचा बेडूक आणला. एक सूर आला की रेवानं माझ्या तळहाताला शिवायचं, दुसऱ्याला गुडघ्याला, तिसऱ्याला खांद्याला, चौथ्याला नाकाला. चार जागा म्हणजे काचेवरचे चार चौकोन, नाक सगळ्यात वरचा. मी फक्त खेळाचा पाट झाल्यासारखी बसायचे. रेवा डावखुरी, म्हणून डावा हात. खेळाचं नाव तिनंच ठेवलं, नाकनाक. दुपारी मी लॅबमधून तासभर सुटून यायचे आणि आम्ही खेळायचो. नाकाचा सूर आला की ती आधीच हसायला लागायची. चौथ्या आठवड्यात बेडकातला क्रम ठरल्याप्रमाणे पुसला गेला. आता तो जगात एकाच ठिकाणी होता. नऊ वर्षांची आमची सगळी कमाई एका चिमुकल्या पंज्यात, आणि ते तीन आठवडे मला अतोनात आवडले होते. दोन्ही खरं होतं.

आम्ही सगळा विचार केला होता. डाव्या हाताला जेवणाच्या ताटाशी जागा नसते अशा घरातून आक्का येणार आहेत, हे मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्याच घरचा तो, त्याच घरची मी.

आणि आता ही नोटीस. हातपरीक्षा यापुढं पाच वर्षांपासून. कारखान्याशी आमचा करार संपत आला होता, विमान आठ दिवसांनी. ज्या मुलाच्या हातात किल्ली सापडेल त्याला सरकारच्या विस्मरणगृहात ठेवायचं, हात विसरेपर्यंत. आईबापांना ठरल्या विमानानं परत पाठवायचं. कारखान्यातल्या रणसिंघे इलेक्ट्रिशियनचा अकरा वर्षांचा मुलगा तिथं आहे. चौदा महिने झाले. रणसिंघे कोलंबोहून रोज कारखान्यात फोन करून विचारतो, कुणी त्याला पाहिलं का.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि नळ मोठा सोडला. सुदर्शन शेजारी येऊन उभा राहिला. आक्कांसमोर मी त्याला अहो म्हणते, नळाशी आल्यावर नाही.

"पुसायचं," मी म्हणाले.

"थांब. आधी नीट ऐक. लहान मुलाचा हात आहे. एका जागी टिकत नाही. त्यांच्या मशीनला काय डोंबल सापडणार?"

"सुदर्शन, ते मशीन गरम-गार खेळतं. दोन हालचाली मागतं, हात कुठं झटकन जातो बघतं. मग तिसरी, मग चौथी. धागा धरून पुढं जातं. सलग बारा सापडल्या की संपलं."

"आक्कानं निम्मं पुसलंच असेल की."

"निम्मं म्हणजे पंधरा उरल्या. त्यांना बारा पुरतात."

तो ताट पुसत राहिला. पुसलेलं ताटच पुन्हा पुसलं. "पुसलं की कायमचं गेलं, ऋजू. गावी नोकरी नाही, घर नाही. चाळिशीत मी कुठल्या कारखान्याच्या दारात उभा राहू? नऊ वर्षं पॅनपुढं उभा राहिलोय."

"मला माहीत आहे."

"आधीच उघडून दुसरीकडे काढलं तर?"

"इथं कुलपाची काच चालू केली की अर्ध्या तासात पोलिसांची गाडी दारात येते. तूच सांगितलं होतंस."

त्यानं ताट फळीवर ठेवलं. मी नळ बंद केला.

हाताला विसर म्हणून सांगता येत नाही. त्याच्या वाटेवर दुसऱ्या वाटा पाडाव्या लागतात, रोज वेगळ्या, म्हणजे कुठलीच पक्की होत नाही आणि पहिलीही राहत नाही. मी उरलेल्या सगळ्या दिवसांची रजा टाकली. आक्कांना सांगितलं, तुमचं बरोबर आहे, उजव्या हाताची सवय लावू या.

"उशिरा का हुईना, उजेड पडला," आक्का खूश झाल्या. रेवाच्या उजव्या हातात घालायला त्यांनी दोन हिरव्या बांगड्या काढून दिल्या.

पहिल्या दिवशी रेवा माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि डावा हात पुढं करून म्हणाली, "नाकनाक."

मी तळहात पुढं केला. तो लागला. गुडघा. खांदा. बेडूक नव्हता तरी हात आपोआप धावत होता. नाकाकडे आला तेव्हा मी तोंड फिरवलं. हात हवेत राहिला.

"आई, नाक!"

"नाक नाही गं त्यात. आता कान. मग पुन्हा कान. मग फरशी."

"असं नाहीये. आपण असं नाही खेळायचो."

"कसं खेळायचो?"

"तळहात, गुडघा..." ती थांबली. तोंडानं तिला तेवढंच सांगता आलं. पुढचं हाताला माहीत होतं.

"तुला स्वप्न पडलं असेल," मी म्हणाले. "असा कुठला खेळ आपण खेळलोच नाही."

किती सहज बोलले मी. दूध ओतू जाताना गॅस बंद करावा तितकं सहज.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. हात नाकाकडे आला की मी तो धरून खाली ठेवायचे. अंघोळीच्या वेळी, वेणी घालताना, गोष्ट सांगताना, कधीही तो उठायचा आणि मी खाली ठेवायचे. नोटिशीत लिहिलं होतं की परीक्षेत मुलालाही प्रश्न विचारले जातील. म्हणून ती विचारायची तेव्हा मी तेच सांगायचे, नव्हता असा खेळ. चौथ्या दिवशी ती मला हाक मारताना अडखळली. "आ... आ... आई." आक्का म्हणाल्या, दात पडायला आलेत म्हणून असेल. मी हो म्हटलं. पाचव्या दिवशी तिनं स्वतःहून उजवा हात पुढं केला, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

सहाव्या दिवशी कारखान्यात रजेच्या कागदावर सही करायला गेले आणि लवकर परतले. परसात पपईच्या झाडाखाली सुदर्शन मांडी घालून बसला होता. रेवा त्याच्यासमोर. तिचा डावा हात त्याचा तळहात, गुडघा, खांदा, नाक असा भरभर धावत होता आणि ती खिदळत होती. त्याच्या शेजारी वाटीत गुळाचे खडे होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

रेवा दचकली आणि हात पाठीमागं लपवला. तिनं तो लपवला ते मला दिसलं.

"रेवा, आत जा बेटा." सुदर्शन उठला. "तीन दिवस. थोडं जिवंत ठेवतोय फक्त. ऐक, परवा मशीनसमोर ती घाबरलेली असणार. घाबरलेल्या हाताचं काही सापडत नाही, पॅनवरच्या पोरांनी सांगितलंय..."

"पॅनवरच्या पोरांनी! त्यांच्या कुणाची सहा वर्षांची मुलगी आहे?"

"ओरडू नको."

"मी दिवसभर तिचा हात खाली ठेवते, आणि तू तिला गूळ देऊन वर करायला लावतोस? चौदा महिने, सुदर्शन! तो पोरगा चौदा महिने आत आहे!"

"मग मी काय करू?" त्याचा आवाज चिरकला. "मला तिचीच काळजी आहे. गावी नेऊन काय खायला घालू मी तिला?"

स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभ्या होत्या. हातात तांदूळ पाखडायचं सूप. त्या कधीपासून ऐकत होत्या कुणास ठाऊक.

"पोरीच्या हातात पैसं ठेवलंयसा व्हय रं तुम्ही?"

सुदर्शननं गुळाच्या वाटीकडे पाहिलं.

"जगात दुसरी जागा घावली न्हाई?" सूप त्यांनी खाली ठेवलं. "चुलीखाली पुरलं असतं, उतरंडीत लपवलं असतं. लेकराच्या हातात?"

"आक्का, तसं नाही ते..." सुदर्शन म्हणाला.

"मला समजंना म्हणून काय मी येडी हाय? सापडलं तर ठेवून घेणार तिला. एवढं कळलं मला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी तिला वळण लावत होते ते..."

"तुमच्यामुळंच निम्मं गेलंय, आक्का."

त्यांना ते चांगलं की वाईट हे कळेना. मलाही कळलं नसतं. त्या सुदर्शनजवळ गेल्या, गुळाची वाटी उचलली आणि आत नेली. "आजपास्नं पोरगी माझ्याजवळ. तिच्या डाव्या बाजूला मी. बघते कोण हात वर करतंय." सुदर्शन पपईच्या बुंध्याला टेकून तसाच उभा राहिला. जेवताना तो रेवाला स्वतःच्या तोंडानं म्हणाला, उजव्या हातात घे. 

उरले दोन दिवस.

हातपरीक्षेची खोली विमानतळाच्या टोकाला होती. सकाळचे दहा वाजले होते. सुदर्शन, मी आणि आक्का तपासून झालो, हात स्वच्छ. लहान मुलासोबत एकानं थांबायचं. मी थांबले. परीक्षक बाईंच्या छातीवर तेंबा असं नाव होतं. चाळिशीच्या, नखं नीट कापलेली, आवाज मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटली.

"गंमत आहे बघ," त्या रेवाला इथल्या भाषेत म्हणाल्या. ती भाषा रेवाला माझ्यापेक्षा चांगली येते. "दिवा लागेल तिथं बोट लावायचं."

उजवा हात सात मिनिटांत झाला. भिंतीवरच्या बारा दिव्यांच्या पट्टीत एकही दिवा लागला नाही.

"आता दुसरा."

रेवानं डावा हात काचेवर ठेवला. मशीननं दोन-दोन हालचाली मागायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग पट्टीत एक दिवा लागला. मग चार. मशीनला धागा सापडला होता. मी पाहत होते. वरचा चौकोन उजळला की रेवाचं बोट तिथं आधीच पोचलेलं असायचं. वरचा म्हणजे नाक. तो हात काचेवर माझं नाक शोधत होता.

सहा. सात.

तेंबाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. आठ. मशीन मागं गेलं, दुसऱ्या वाटेनं आलं. नऊ.

त्यांनी एक कळ दाबून मशीन थांबवलं. "मुलगी डावखुरी आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"मी मुलीला विचारतेय." त्या रेवाच्या उंचीवर वाकल्या. "तू जेवतेस कुठल्या हातानं?"

रेवानं उजवा हात वर केला. बांगड्या वाजल्या.

"शहाणी. आणि आईनं तुला कधी हातांचा खेळ शिकवला होता? इथं हात लाव, तिथं हात लाव, असा?"

मी रेवाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेही त्यांनी पाहिलं असतं. समोरच्या भिंतीवर एक भोक होतं, खिळा उपसल्याचं, त्याच्याकडे बघत राहिले. चार दिवस अडखळणारी माझी मुलगी एका दमात, स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही. आम्ही असा खेळ कधीच खेळलो नाही."

तेंबाबाईंनी कळ दाबली. मशीन पुन्हा धागा धरून निघालं. नऊ. दहा. बोट वरच्या चौकोनाकडे झेपावलं. अकरा.

पुढचा चौकोन डावीकडचा उजळला. रेवाचं बोट उजवीकडे गेलं, थबकलं, मग परत आलं. पुन्हा मागितलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा ती कान शोधत असावी, कारण बोट काचेच्या बाहेरच गेलं. पट्टीतले दिवे एकेक करून विझले.

तेंबाबाईंनी विझलेल्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी काय ओळखलं, किती ओळखलं, मला कधीच कळणार नाही. रेवाच्या कागदावर शिक्का बसला.

"मुलीला जपा," त्या म्हणाल्या.

विमानात आक्का खिडकीशी बसल्या आणि उड्डाणाच्या आधीच डोळे मिटून घेतले. सुदर्शन मागच्या रांगेत होता. शिक्का पाहिल्यापासून त्यानं रेवाला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, बसायच्या वेळी नाइलाजानं माझ्याकडे दिली. जयसिंगपुरात पोचल्यावर काय, ते त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही. ढग खाली गेले. खालचा ऊस, कारखान्याची चिमणी, काही दिसेनासं झालं.

आता कुणी ऐकत नव्हतं. मी रेवाचा डावा हात माझ्या हातात घेतला. गार होता. ओंजळीत धरून थोडा गरम केला आणि मग, हळूच, माझ्या नाकाला लावला.

ती हसली नाही. हात काढूनही घेतला नाही. कुणा अनोळखी माणसानं काहीतरी दाखवावं आणि ते काय आहे हे ओळखता येऊ नये, तशी हाताकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. ती अजून त्या खोलीतलंच उत्तर धरून बसली आहे, की मला सांभाळून घेते आहे, की खरंच तिच्याकडे आता काही उरलं नाही? तिचा चेहरा मी जन्मापासून वाचत आले होते. त्यावरून मला काही कळेना.

"आई," तिनं अगदी हळू विचारलं, "आपण कधीच खेळलो नव्हतो ना?"